इंजिन वळवायचे कसे, मळवायचे कसे?

वाफेच्या मोठ्या इंजिनांच्या प्रतिकृतींसाठी टर्नटेबलची निवड आणि जुनेपणाच्या छटा

अंधेरी किंवा बोरिवलीला येऊन थांबलेली लोकल परत फिरते तेव्हा फिरतो तो फक्त मोटरमन. एका टोकाची केबिन सोडून तो दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी आल्या रुळांवरून उलट निघते. वाफेच्या मोठ्या इंजिनाला ही सोय नव्हती. पुढे बाष्पक, मागे चालकाची जागा आणि त्याही मागे कोळसा-पाण्याचा टेंडर, अशी त्याची रचना. उलटे धावताना टेंडरमुळे समोरचे नीट दिसत नसे आणि वेगावरही बंधन येई. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी इंजिन सुटे करून सगळेच्या सगळे वळवावे लागे. त्यासाठी बांधलेला, मध्यबिंदूवर तोललेला फिरता पूल म्हणजे टर्नटेबल.

हा पूल आज मुंबईकरांच्या नजरेआड गेला आहे. व्हीटी ते कुर्ला ही हार्बर मार्गावरील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. कुलाबा ते बोरिवली मार्गावर वीज आली ती जानेवारी १९२८ मध्ये. उपनगरी वाहतुकीतून वाफ तेव्हाच मागे हटू लागली. देशातील रुंदमापी मार्गांवरची वाफेची नियमित सेवा जालंधर-फिरोजपूर मार्गावर ६ डिसेंबर १९९५ रोजी संपली. राहिली ती संग्रहालये, छायाचित्रे आणि घरोघरच्या प्रतिकृती. प्रतिकृतींचा छंद जोपासणाऱ्यांना दोन प्रश्न हमखास पडतात : मोठ्या इंजिनासाठी टर्नटेबल कोणते घ्यावे, आणि कारखान्यातून नव्याकोऱ्या चकाकीने आलेले इंजिन राबलेले कसे दिसावे? दोन्ही बाबतींत चूक महाग पडते. लहान टर्नटेबल नंतर वाढवता येत नाही आणि चुकीचा रंग सहजी उतरत नाही. म्हणूनच हा विषय थोडा सविस्तर.

आधी प्रमाण, मग माप

प्रतिकृतींच्या जगात ‘स्केल’ म्हणजे मूळ वस्तूशी असलेले प्रमाण आणि ‘गेज’ म्हणजे दोन रुळांतील अंतर. एच-ओ हे १:८७ चे प्रमाण जगभर सर्वाधिक प्रचलित आहे. ब्रिटिश पद्धतीचे डबल-ओ १:७६ चे. दोन्हींचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटर अंतराचेच असतात. एन हे १:१६० चे प्रमाण असून त्याचे रूळ ९ मिलिमीटरचे. ओ हे ब्रिटिश मोजणीनुसार १:४३.५ चे आणि त्याचे रूळ ३२ मिलिमीटरचे.

भारतीय इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्याला इथेच पहिली अडचण येते. आपला रुंदमापी मार्ग ५ फूट ६ इंचांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा आहे. एच-ओ प्रमाणात त्यासाठी १९.३ मिलिमीटरचे रूळ हवेत, डबल-ओमध्ये २२ मिलिमीटरचे. बाजारात मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी आहेत. म्हणजे तयार रुळांवरचे आपले इंजिन पोटाखाली थोडे अरुंद दिसणारच. बहुतेक छंदिष्ट ही तडजोड पत्करतात, आणि ती शहाणपणाचीही आहे. कारण रूळ स्वतः बनवायचे ठरवले की सांधे, चाकांचे आस आणि टर्नटेबल हे सारेच स्वतः घडवावे लागते.

आता लांबीकडे वळू. स्वतंत्र भारताच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांचे ओळखीचे इंजिन म्हणजे ‘डब्ल्यूपी’. बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते तोंड आणि त्यावरचा तारा ही त्याची खूण. १९४७ पासून वीस वर्षांत अशी ७५५ इंजिने तयार झाली. मालगाड्यांसाठीच्या ‘डब्ल्यूजी’ची संख्या तर २,४५० पर्यंत गेली, त्यांपैकी अखेरचे इंजिन १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडले. टेंडरसह डब्ल्यूपीची लांबी सुमारे २४ मीटर. प्रतिकृतीत ती अशी उतरते :

एन (१:१६०) – सुमारे १५० मिलिमीटर
एच-ओ (१:८७) – सुमारे २७५ मिलिमीटर
डबल-ओ (१:७६) – सुमारे ३१५ मिलिमीटर
ओ (१:४३.५) – सुमारे ५५० मिलिमीटर

तुलनेसाठी अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेचे ‘बिग बॉय’ पाहावे. १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ इंजिने बांधली गेली. त्यांतील ४०१४ क्रमांकाचे इंजिन दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा रुळांवर आले. टेंडरसह त्याची लांबी ४० मीटरहून अधिक. एच-ओमध्ये ती ४६० मिलिमीटरच्या पुढे जाते. या इंजिनांसाठी कंपनीला १३५ फुटी टर्नटेबले बसवावी लागली होती. छंदिष्टाचे गणितही तेच आहे : आधी सर्वांत मोठे इंजिन ठरवावे, मग टर्नटेबल.

नेमके काय मोजायचे?

टर्नटेबलवर इंजिनाची पूर्ण लांबी मावण्याची गरज नसते. मावावी लागतात ती चाके. पहिल्या चाकाच्या मध्यापासून टेंडरच्या शेवटच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात दोन्ही बाजूंना किमान दहा मिलिमीटर मोकळी जागा धरावी. पुढचा बफर किंवा टेंडरचा मागचा भाग पुलाच्या टोकाबाहेर आला तरी चालते. मात्र पूल फिरताना तो खड्ड्याच्या काठावरील कठड्याला, दिव्याच्या खांबाला किंवा शेजारच्या रुळावरील इंजिनाला अडता कामा नये. अंतर मोजताना इंजिन आणि टेंडर सरळ रुळावर, जोडणी ताणलेल्या स्थितीत ठेवावेत. वळणासाठी जोडणी लांब ठेवलेली असेल तर तीही मापात येते.

तयार टर्नटेबलांत फ्लाइशमान या जर्मन कंपनीच्या एच-ओ टर्नटेबलचा पूल ३१० मिलिमीटरचा आहे. डब्ल्यूपीच्या आकाराचे इंजिन त्यावर आरामात फिरते. अमेरिकेच्या वॉल्दर्सची टर्नटेबले मूळ फुटांच्या मापाने ओळखली जातात. ९० फुटी म्हणजे एच-ओमध्ये सुमारे ३१५ मिलिमीटर आणि १३० फुटी म्हणजे सुमारे ४५५ मिलिमीटर. बिग बॉयची पूर्ण लांबी या १३० फुटी पुलापेक्षा किंचित जास्त असली तरी चाकांतील अंतर सुमारे ४१० मिलिमीटरच असल्याने ते त्यावर बसते. केवळ खोक्यावरची इंजिनाची लांबी वाचून ‘मावणार नाही’ किंवा ‘मावेल’ असे ठरवणे किती फसवे आहे, हे यावरून लक्षात यावे.

परदेशी टर्नटेबल घेताना विजेचा दाबही पाहावा. अमेरिकेसाठी बनवलेला रोहित्राचा डबा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या खटक्यात तो लावला तर क्षणात जळतो. टर्नटेबल तेच ठेवून वीजपुरवठ्याचा डबा इथला घेणे हा साधा उपाय.

जागेचा हिशेब

उपनगरातील घरात खरा प्रश्न टर्नटेबलच्या व्यासाचा नसतो, तर त्याभोवती पंख्यासारख्या पसरणाऱ्या शेडचा असतो. फ्लाइशमानच्या टर्नटेबलला भोवती ४८ जागा असतात, म्हणजे दोन लगतच्या रुळांत साडेसात अंशांचा कोन. शेजारी उभ्या दोन मोठ्या इंजिनांत खांब आणि माणूस मावेल एवढे अंतर हवे असेल तर एच-ओमध्ये रुळांच्या मध्यरेषांत साधारण ५७ मिलिमीटर लागतात. साडेसात अंशांच्या कोनात हे अंतर मिळते ते टर्नटेबलच्या मध्यापासून सुमारे ४३५ मिलिमीटरवर, म्हणजे काठापासून २८० मिलिमीटर दूर. तिथे शेडचे दार येणार आणि पुढे ३०० मिलिमीटरची शेड. मध्यापासून एकूण ७३५ मिलिमीटर झाले. अर्धवर्तुळाकार शेड केली तर दीड मीटर रुंदीची फळी केवळ शेडसाठी लागेल.

हाच कोन पंधरा अंशांचा केला, म्हणजे एक जागा सोडून एक रूळ घातला, तर ५७ मिलिमीटरचे अंतर मध्यापासून सुमारे २२० मिलिमीटरवरच मिळते. शेड काठापासून जेमतेम ६५ मिलिमीटरवर सुरू होते आणि मध्यापासून ५२० मिलिमीटरमध्ये संपते. रूळ निम्मे झाले; पण चार-पाच इंजिने असणाऱ्याला तेवढे पुरेसे आहेत. मुलुंड किंवा घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात, पलंगाखाली सरकवता येईल अशा फळीवर, हीच रचना शक्य होते.

जागा त्याहूनही कमी असेल तर तीन पर्याय उरतात. पहिला, शेड न बांधता नुसते टर्नटेबल आणि एक-दोन उघडे रूळ. दुसरा, एका टोकाशी खिळवलेली आणि पंख्यासारखी सरकणारी रुळाची पट्टी. ती इंजिन एका रुळावरून दुसऱ्यावर नेते, पण वळवत नाही. तिसरा पर्याय विषयच बदलण्याचा. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर दोन फुटी रूळ आहेत. त्यावरची ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची मूळ चार इंजिने टेंडरविना होती. कोळसा-पाणी अंगावरच वाहत असल्याने ती दोन्ही दिशांना चालत. डबल-ओ प्रमाणात ९ मिलिमीटरच्या रुळावर असा मार्ग जवळपास मापात बसतो, आणि टर्नटेबलची गरजच उरत नाही.

फिरवणे आणि थांबवणे

टर्नटेबलचे मोल ते किती झोकात फिरते यावर नसून किती नेमके थांबते यावर आहे. पुलावरचा रूळ आणि काठावरचा रूळ यांत पाव मिलिमीटरचा फरक पडला तरी लहान पुढच्या चाकांना धक्का बसतो आणि इंजिन घसरते. हाताने फिरवायच्या टर्नटेबलात डोळा आणि बोट हेच मोजमाप. लहान मांडणीला ते पुरते. विजेवरच्या टर्नटेबलात खाचांची चकती किंवा पायरीपायरीने फिरणारी स्टेपर मोटर वापरतात.

स्वतः टर्नटेबल बांधणाऱ्यांसाठी थोडे गणित. ३१० मिलिमीटरच्या पुलाच्या टोकाने पूर्ण फेरी केली तर ते सुमारे ९७५ मिलिमीटर अंतर कापते. स्टेपर मोटर एका फेरीत २०० पायऱ्या घेत असेल, तर प्रत्येक पायरीला टोक जवळपास पाच मिलिमीटर सरकेल. असे थांबणे निरुपयोगी. प्रत्येक पायरीचे सोळा भाग करणारे नियंत्रक मंडल लावले तर सरकणे ०.३ मिलिमीटरवर येते. त्यात पट्ट्याने तीनास एक असा वेग कमी केला की ०.१ मिलिमीटर. एवढी बारकाई हवीच. दातांच्या चाकांत थोडी ढिलाई असतेच; म्हणून प्रत्येक रुळाशी पूल नेहमी एकाच दिशेने आणावा, म्हणजे ढिलाईचा परिणाम सारखाच राहतो. मोटर व नियंत्रक लॅमिंग्टन रोडवर मिळतात, तर पुलाचा आस किंवा अॅक्रिलिकची गोल चकती अंधेरी-साकीनाका पट्ट्यातील लहान कारखाने कापून देतात. आसाचे बेअरिंग इंजिनाच्या वजनाला पेलणारे हवे. ओ प्रमाणातील पितळी इंजिन काही किलो वजनाचे असते. अशा वेळी सगळा भार मध्यबिंदूवर न टाकता पुलाच्या टोकांना छोटी चाके देऊन खड्ड्यातील वर्तुळाकार रुळावर टेकवावे.

विजेचा एक पेचही समजून घ्यावा. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. पूल १८० अंश फिरला की बाजू उलटतात आणि काठावरच्या रुळांशी शॉर्टसर्किट होते. यासाठी मध्यावरची संपर्क-कडी दोन भागांत तोडतात, म्हणजे अर्ध्या फेरीत जोडणी आपोआप बदलते. डिजिटल पद्धतीत हेच काम स्वयंचलित उलटवणारे मंडल करते. घेतलेल्या टर्नटेबलमध्ये यांपैकी काय आहे, हे खरेदीपूर्वी विचारावे.

आणखी एक, वेगाबद्दल. खऱ्या टर्नटेबलावर इंजिन नेमके मध्यावर तोलून उभे केले की खलाशी लांब दांड्यांना खांदा लावून ते हळूहळू फिरवत. प्रतिकृतीतील पूल काही सेकंदांत गरकन फिरला तर शेकडो टनांचा भास क्षणात नाहीसा होतो. पूर्ण फेरीला एक मिनिट तरी लागावे.

मळ कुठून येतो?

इंजिनावर जुनेपणाच्या छटा देण्याला छंदिष्ट ‘वेदरिंग’ म्हणतात. त्याचा अर्थ सगळीकडे तपकिरी रंग फासणे असा नाही. प्रत्येक डागाला कारण असते. ते ठाऊक असले की ब्रश आपोआप योग्य जागी जातो.

धुराड्याची काजळी बाष्पकाच्या माथ्यावर आणि केबिनच्या छपरावर बसते. खालच्या बाजूंवर ती कमी. धूरपेटी तापून तिथला काळा रंग राखाडी, कोरडा होतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण जास्त, त्यामुळे पुढच्या दाराखाली आणि राखपेटीभोवती फिकट राखाडी थर दिसतो. पाण्यातील क्षार बाष्पक धुण्याच्या झाकणांखाली आणि पाणी आत ढकलणाऱ्या नळ्यांखाली पांढरे ओघळ उमटवतात. चाके आणि चौकट यांवर ब्रेकच्या झिजेची तपकिरी धूळ बसते. दांडे मात्र गंजत नाहीत. तेलाने ते काळपट, चमकदार राहतात. टेंडरच्या माथ्यावर कोळशाची भुकटी आणि पाण्याच्या तोंडाभोवती सांडलेल्या पाण्याचे वण असतात. चढावर चाके घसरू नयेत म्हणून वाळू टाकत. तिच्या नळ्यांपाशी फिकट पट्टे उमटतात. भोर आणि थळ या घाटांत चढ ३७ ला १ असा तीव्र असल्याने तिथली इंजिने दाखवताना ही खूण विसरू नये. चालकाचा हात रोज जिथे लागतो, त्या कठड्यांचा आणि दाराच्या कडांचा रंग घासून धातू उघडा पडतो.

या खुणा शोधायच्या कुठे? जतन केलेली इंजिने पाहावीत, पण त्यांच्या रंगावर विसंबू नये. माथेरान मार्गाचे एक मूळ इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, नेरळलाही एक ठेवले आहे. तिथे आकार, नळ्या, रिव्हेट यांचा अभ्यास होतो. रंग मात्र नवा असतो. मळ पाहायचा तर सेवेत असलेल्या इंजिनांची जुनी छायाचित्रे हाच आधार. मांडणी एकत्र कशी दिसते हे अभ्यासायला पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय जवळचे. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

रंगकामाचा क्रम

पहिली पायरी झाकण्याची. चाकांच्या रुळाला टेकणाऱ्या कडा, वीज घेणाऱ्या पट्ट्या, मोटर आणि दांड्यांचे सांधे यांवर रंग जाता कामा नये. शक्य असल्यास वरचा सांगाडा सोडवून वेगळा रंगवावा. त्यानंतर मॅट वार्निशचा पातळ हात द्यावा. गुळगुळीत प्लास्टिकवर भुकटी टिकत नाही.

दुसरी पायरी मूळ काळा रंग फिका करण्याची. शुद्ध काळ्या इंजिनावर कोणतीही सावली दिसत नाही. गडद राखाडीचा विरळ हात दिला की आकार उठून येतो.

तिसरी पायरी खाचा भरण्याची. काळपट-तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून रिव्हेट, जोड आणि कोपरे यांत सोडावा आणि उभा भाग वरून खाली पुसावा. पाऊस आणि वाफ दोन्ही खालीच वाहतात. आडवे पुसलेले ओघळ डोळ्याला लगेच खटकतात.

चौथी पायरी कोरड्या ब्रशाची. रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की झिजलेल्या कडा दिसतात. शेवटी काजळी, राख आणि गंज यांच्या रंगीत भुकट्या मऊ ब्रशाने बसवाव्यात. टेंडरमध्ये प्लास्टिकचा ढीग काढून खऱ्या कोळशाचा चाळलेला चुरा, पाणी मिसळलेल्या पांढऱ्या डिंकाने, चिकटवावा.

मोठ्या इंजिनाची खरी अडचण त्याच्या सपाट, लांब पृष्ठभागात असते. लहान इंजिनावर एक छटा खपते. मोठ्यावर तीच एकसुरी दिसते. तिथे टेंडर, बाष्पक आणि केबिन यांच्या छटा किंचित वेगळ्या ठेवाव्यात. त्याच वेळी मापाचे भान हवे. एच-ओमध्ये एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे प्रत्यक्षात जवळपास नऊ सेंटिमीटरची खपली! बारीक काम बारीकच राहायला हवे.

टर्नटेबलही विसरू नये. इंजिन मळलेले आणि खड्डा स्वच्छ, हे विसंगत दिसते. खड्ड्यात तेलाचे डाग, सांडलेली राख आणि पावसाळा दाखवायचा असेल तर भिंतीच्या तळाशी शेवाळाची हिरवट रेघ हवी. पुलावरच्या फळ्या उन्हापावसाने करड्या, आणि वापरातल्या रुळांचा माथा तेवढा चकचकीत.

मुंबईची हवा

परदेशी पुस्तकांत न सापडणारा मुद्दा आपल्या दमट हवेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये फवाऱ्याच्या डब्यातील वार्निश मारले तर त्यावर पांढुरके धुके उमटण्याचा धोका मोठा. रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावे. पावसाळ्यात करणे भागच असेल तर हवा कोरडी करणाऱ्या खोलीत, पातळ हातांनी करावे आणि प्रत्येक हाताला एक दिवस वाळू द्यावे. एअरब्रश वापरताना खिडकीकडे हवा ओढणारा पंखा आणि तोंडावर योग्य मुखपट्टी आवश्यक. बंद खोलीत, लहान मुले असलेल्या घरात विद्रावकाचे रंग टाळून पाण्याचे अॅक्रिलिक वापरावेत.

फळीसाठी पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यावे आणि कापलेल्या कडाही रंगवाव्यात. फळी किंचित वाकली की सर्वांत आधी टर्नटेबल अडखळते. रूळ पोलादाचे न घेता निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. पोलाद एका पावसाळ्यात गंजते. इंजिने सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत, अन्यथा भुकटीवर बुरशी येते.

खरेदीपूर्वी तपासा

– आज असलेले नव्हे, पुढे घ्यायचे सर्वांत मोठे इंजिन कोणते?
– त्याच्या पहिल्या ते शेवटच्या चाकातील अंतर किती? पूल त्याहून किमान २० मिलिमीटर लांब आहे का?
– शेडसह जागा किती लागेल? कागदाचा पंखा कापून फळीवर ठेवून पाहिला का?
– खड्ड्याची आणि खालच्या मोटरची खोली फळीखाली मावते का?
– वीज उलटण्याची सोय आणि २३० व्होल्टचा पुरवठा आहे का?
– जुनेपणाची पहिली चाचणी स्वस्त मालडब्यावर केली का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. महागड्या इंजिनावर पहिला हात कधीच मारू नये. दोन-तीन जुने डबे मळवले की हात बसतो आणि थांबायचे कुठे तेही कळते. डब्ल्यूपीच्या तोंडावरचा तारा खलाशी घासूनपुसून लखलखीत ठेवत, आणि त्याच इंजिनाची चाके तेला-धुळीने माखलेली असत. दोन्ही एकाच प्रतिकृतीवर दिसली, तर ते इंजिन कोणीतरी रोज चालवलेले, पुसलेले आणि खांदा लावून वळवलेले वाटते.